ॲडामिनाबीच्या थंडीत वॉशिंग मशीन कोरडं ठेवताना

घर बंद करून निघताना भांडी भरून ठेवावीत की कोरडी करून? मला याचं उत्तर देता येत नाही. मनमाडला आमच्या घरात पहिलं उत्तर चालतं, ऑस्ट्रेलियातल्या बर्फाच्या डोंगरांत दुसरं. मे महिन्याच्या शेवटी मी ही दोन्ही उत्तरं एकाच गाडीतून घेऊन निघाले. ऑस्ट्रेलियाचं माझ्या डोक्यात होतं आणि मनमाडचं, म्हणजे माझी आई, शेजारच्या सीटवर शाल गुंडाळून बसलं होतं.

गाडी म्हणजे आमची मोटरहोम. आमची म्हणजे माझी आणि केतकीची. केतकी मेलबर्नजवळ क्रेगीबर्नला माझ्या मागच्या गल्लीत राहते, नर्स आहे, तिची मिती चार वर्षांची. प्रत्येकानं आपापली वेगळी गाडी का घ्यावी, वर्षातले दहा महिने ती दारात उभी का ठेवावी, असं माझं ठाम मत असल्यामुळे आम्ही दोघींनी मिळून ही जुनी मोटरहोम घेतली. आत दोन पलंग, गॅस, छोटं बाथरूम, आणि कपाटाच्या खाली बसवलेलं बादलीएवढं वॉशिंग मशीन, वरून कपडे टाकायचं. ते पाहून सगळे हसतात. फिरायला जाताना मशीन कशाला नेता, म्हणून.

तर सांगते. केतकीला सप्टेंबरपासून बर्फाच्या डोंगरांजवळच्या कूमा गावात, तिथल्या हॉस्पिटलमध्ये काम मिळालंय. तिकडे भाड्यानं घर मिळणं मुश्कील, म्हणून पहिले काही महिने ती मितीला घेऊन या गाडीतच राहणार आहे. रोजचा युनिफॉर्म आणि चार वर्षांचं मूल. मशीन चालू नसेल तर तिनं शिफ्ट संपवून गावातलं लाँड्रोमॅट शोधत फिरायचं का? हॉस्पिटलमधल्याच कोणाच्या तरी ओळखीनं मार्ग नावाच्या बाईंनी ॲडामिनाबीजवळच्या आपल्या फार्मवर गाडीला जागा दिली. केतकीला एवढी मोठी गाडी चालवायची भीती वाटते आणि हिवाळ्यात, म्हणजे इकडे जून ते ऑगस्ट, घाटावर बर्फ पडतो, म्हणून गाडी आत्ताच नेऊन ठेवायची ठरली.

अडचण एकच. तिथं रात्री पारा शून्याखाली जातो. उभ्या गाडीच्या नळ्यांत पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि नळी फोडतं. मशीनचं तर जास्तच अवघड, कारण कपडे पिळून झाले तरी त्याच्या तळाशी, पंपात आणि मागच्या पाइपात पाणी राहतंच. मेलबर्नमध्ये कोणाला याची सवय नाही. गॅरेजवाल्यानं सांगितलं, मशीन काढूनच टाका. मी केतकीला म्हटलं की मी करते. मी सिव्हिल इंजिनियर आहे, इथल्या एका ऑफिसात दिवसभर गटारांच्या आणि पाइपांच्या उतारांची गणितं करते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला बादलीएवढं मशीन कोरडं करता येणार नसेल तर कोणाला येणार?

"तुझ्या भरवशावर," केतकी म्हणाली. "फुटलं तर मितीचे कपडे तू धुवायला यायचंस."

आई तेव्हा माझ्याकडे आली होती, जुलैपर्यंत राहणार होती. बाबांची मनमाडला सायकलदुरुस्तीची टपरी आहे, ते काही टपरी सोडून आले नाहीत. आईला बर्फाचा डोंगर बघायचा होता. म्हणाली, लांबून दिसला तरी चालेल.

सकाळी क्रेगीबर्नहून निघालो. ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: ह्यूम हायवे इतका सरळ आहे की कंटाळा हीच एक अडचण. मोटरहोम मी नव्वदच्या वर नेली नाही, मागचे ट्रक शांतपणे ओलांडून जातात, कोणी हॉर्न मारत नाही. डिझेल हायवेवरच्या मोठ्या पंपांपेक्षा आतल्या गावांत बघा, बऱ्याचदा स्वस्त मिळतं. आम्ही शिदोरी घेतली होती, चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी, पण बेकरीत थांबल्याशिवाय या देशातला प्रवास पूर्ण होत नाही. व्हॅनिला स्लाइस, म्हणजे कस्टर्डची जाड वडी, घ्या. आईनं अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदात गुंडाळून ठेवली, "उद्याला राहू दे."

हॉलब्रूक गावात बागेच्या मधोमध एक खरीखुरी पाणबुडी ठेवलेली आहे. समुद्र तिथून कित्येक तास लांब. आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली.

"पाणी नाही तर हिला इथं कशाला आणली?"

मी म्हटलं, शोभेला.

"मग आमच्याकडं पाठवा म्हणावं. पाणी नसलेलं गाव पाहिजे असंल तर मनमाड आहे ना."

मनमाड माहीत नसलेल्यांसाठी सांगते: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येईल तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. पिंप, कळशी, पातेली, अगदी चहाचं भांडंसुद्धा. लहानपणी मला मोकळी वाटी घरात दिसल्याचं आठवत नाही.

मुक्काम ट्यूमटला केला. नदीकाठचा कॅरॅव्हॅन पार्क, विजेची सोय असलेली जागा पन्नासेक डॉलरला, गरम पाण्याचा शॉवर स्वच्छ. पॉपलरची उरलीसुरली पिवळी पानं नदीत पडत होती. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या आजोबांनी आमचं मशीन पाहिलं आणि आईला अंगठा वर करून दाखवला. आईनंही त्यांना तसाच दाखवला. नंतर मला विचारलं, हा काय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टॅलबिंगोच्या पुढे घाट लागतो. जड गाडी असेल तर चढाला घाई करू नका, लहान गिअरमध्ये सावकाश चढा, मागे रांग झाली तर बाजूला घ्यायला जागा आहेत. निघण्याआधी रस्त्याची आणि बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्यांची माहिती तपासा. हिवाळ्यात इथल्या नॅशनल पार्कातल्या काही रस्त्यांवर साखळ्या सोबत बाळगणं सक्तीचं असतं. वर पोचल्यावर झाडं संपतात. पिवळसर गवताचं मोकळं पठार, त्यावर रानटी घोड्यांचा एक कळप, आणि लांब एका कड्यावर पांढरी रेघ. आईनं काच खाली केली आणि त्या थंड वाऱ्यात डोकं बाहेर काढून ती रेघ बघितली. नंतर काच लावून म्हणाली, झालं बघून, आता हीटर लाव.

या पठारावर जुन्या गुराख्यांच्या लाकडी झोपड्या आहेत. त्यातली एक रस्त्यापासून थोडी आत आहे, कुलूप नसतं, कोणीही आत जाऊ शकतं. आत चूल, बाकडं, आणि चुलीशेजारी नीट रचलेली कोरडी लाकडं. वर बारीक काटक्यांची जुडी. आईनं विचारलं, ही कोणाची?

इथं मला भाषण करायला आवडतं, त्यामुळे मी उत्साहानं सांगितलं. ही कोणाचीच नाहीत. इथला रिवाज असा की जो राहून जातो तो जाताना पुढच्यासाठी लाकूड रचून ठेवतो. पुढचा कोण, कधी येणार, काही माहीत नसतं. कदाचित तो बर्फात भिजून, कुडकुडत येईल, म्हणून चूल लगेच पेटली पाहिजे.

"म्हणजे आपल्यासारखंच," आई म्हणाली. मला ते तेव्हा नीट ऐकू आलं होतं. मी त्याचा पुढे विचार केला नाही, एवढंच.

मार्गचं फार्म ॲडामिनाबीपासून जवळ आहे. मार्ग साठीच्या, उंच, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं कमी. त्यांनी शेडच्या आडोशाला जागा दाखवली, रात्रभर हीटर चालावा म्हणून विजेची वायर ओढून दिली, आणि सकाळी कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यावर बर्फाचा पापुद्रा असेल असं सांगून गेल्या. होता. बोट टोचलं तर मोडला नाही.

त्या सकाळी मी कामाला लागले. तुमच्यापैकी कोणाला करायचं असेल तर क्रम असा. आधी पाण्याचा पंप बंद, मग टाकी आणि गीझर पूर्ण रिकामा, सगळे नळ उघडे. मशीनला पाणी आणणारी नळी काढून झटकायची, तिच्या तोंडाची जाळीसुद्धा काढायची. मशीन क्षणभर पाणी घेण्यावर चालू करायचं, म्हणजे आतली झडप उघडून तिथलं थेंबभर पाणीही बाहेर येतं. मग ड्रममध्ये गुलाबी द्रव ओतायचा. हा कॅरॅव्हॅनच्या दुकानात मिळतो, विषारी नाही, आणि गोठत नाही. कारच्या रेडिएटरमध्ये घालतात तो चुकूनही घेऊ नका, तो विष आहे. मग मशीन काही सेकंद निचऱ्यावर चालवायचं. बाहेरच्या पाइपातून गडद गुलाबी यायला लागलं की थांबायचं. याचा अर्थ पंपात आता पाणी नाही, फक्त द्रव आहे. तो तसाच राहू द्यायचा. बेसिन आणि शॉवरच्या जाळीतही थोडा ओतायचा.

हे सगळं मी सकाळभर केलं आणि फार मजा आली. टाकी रिकामी करताना मात्र आई शेजारी येऊन उभी राहिली. भरलेली टाकी गवतावर वाहून जात होती. तिनं बादली आणली, पाइपाखाली लावली, भरली, मार्गच्या गुलाबांना घातली, परत आली. मी तिला म्हटलं, आई, तू बस गं, मला करू दे. ती बसली नाही. चार-पाच खेपा केल्या. शेवटची बादली तिनं गाडीच्या पायरीशी ठेवली.

दुपारी मी सगळी भांडी पुसून, कागदात गुंडाळून कपाटात लावली, गाद्या उभ्या केल्या, आणि हात धुवायला मार्गच्या घरात गेले. आई म्हणाली, मी दार ओढून घेते.

परतीचा बेत असा: मार्ग त्यांच्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, आम्हाला कूमाला सोडणार, तिथून कॅनबेराची बस, कॅनबेराहून संध्याकाळचं मेलबर्नचं विमान. मार्गनी बसथांब्यावर उतरवलं आणि त्या गुरांचा चारा घ्यायला दुकानात गेल्या. बसला वेळ होता. ऊन छान होतं. मी केतकीला फोन लावला, स्पीकरवर, आणि जरा ऐटीतच सांगितलं की काम फत्ते, मशीन ठणठणीत कोरडं, थेंब नाही.

आईनं माझ्या दंडाला हात लावला.

"कोरडं काय सांगतीस तिला? मी ठेवलंय ना पाणी."

मी विचारलं, कुठं.

"त्या मशीनमध्ये. चांगलं तांब्याभर. रिकामं ठेवू नाही घर. पहिलं येणाऱ्याला पाणी असावं."

फोनमधून केतकीचा आवाज आला. "सायली, काकू काय म्हणाल्या?"

मी आईला विचारलं की मशीनमध्येच का. तिचं उत्तर बिनतोड होतं. सगळी भांडी मी गुंडाळून ठेवली होती, आणि झाकणाचं तेवढं एकच उरलं होतं. उंदीर जाणार नाही. तिथल्या तळाच्या गुलाबी पाण्याचं काय, विचारलं तर म्हणाली, "साबण असंल म्हणून मी खळबळून पण घेतलं."

म्हणजे द्रव पातळ झाला होता. पातळ झालेला द्रव गोठतो. रात्री पापुद्रा कुत्र्याच्या भांड्यावर धरला होता, आज तो पंपात धरणार होता. "मग आता?" केतकीनं फोनवर विचारलं. मी तिला म्हटलं की मी परत जातेय, रात्र व्हायच्या आत करते, मशीनला काही होणार नाही. हे मी खात्रीनं म्हटलं, कारण दुपारच होती आणि गुलाबी द्रवाची अर्धी बाटली अजून गाडीत होती. ती म्हणाली, "काकूंना ओरडू नकोस."

मार्गना फोन केला. त्यांनी काही विचारलं नाही. चारा टाकून येतेय म्हणाल्या. आमच्यासमोर कॅनबेराची बस आली आणि गेली. (सूचना: अशा प्रवासात तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. आम्ही घेतलं नव्हतं.)

यूटमध्ये आई मधे बसली होती, पिशवी मांडीवर. मग ती हळूच म्हणाली:

"तांब्याभर पाण्यानं लोखंड फुटतं?"

मी सांगायला लागले की पाणी गोठताना फुगतं, त्याला जागा लागते, जागा नसेल तर. तिनं मला मधेच थांबवलं. "शेजारच्या कुलकर्णीबाईंच्या फ्रीजरमध्ये मागं काचेची बाटली तडकली होती. तसं?"

मी म्हटलं, अगदी तसंच.

"म्हणजे हा डोंगर रात्री फ्रीजर होतो." मग समोर रस्त्याकडे बघत, "हे मला सकाळी सांगितलं असतंस. तू म्हणालीस, आई तू बस."

मी झोपडीतल्या लाकडांचं कारण तिला सविस्तर सांगितलं होतं, टाकी रिकामी करण्याचं मात्र नाही. ते मला स्वतःला माहीत होतं, एवढंच मला पुरेसं वाटलं होतं.

मार्गनी विचारलं, काय बोलणं चाललंय. मी सगळं भाषांतर करून सांगितलं, पहिलं येणाऱ्याला पाणी असावं हेसुद्धा. मार्ग रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "फेअर इनफ. तिला सांग, माझे वडील झोपडीत लाकूड न ठेवता निघणाऱ्याला परत पाठवायचे."

आईला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. "आपल्याला पाणी ठेवलं म्हणून परत पाठवलं."

ऊन शेडच्या मागे जायच्या आत आम्ही पोचलो. या वेळी मी आईला मशीनच्या समोर बसवलं आणि प्रत्येक गोष्ट कशासाठी ते सांगत गेले. ड्रममधलं पाणी मगनं काढलं. मग निचरा चालू केला, बाहेर आई पाइपाशी बादली धरून रंग बघत होती. सरबतासारखं फिकट, म्हणाली. मग पांढरं. मग काहीच नाही. मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती पूजेतलं तीर्थ सोडावं तशी सावकाश, एका धारेनं ओतली, आणि पुन्हा बाहेर जाऊन बादली धरली.

"गडद," तिचा आवाज आला. "सकाळसारखं. बंद कर."

बंद केलं. दोघींनी हात पुसले. आईनं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून जरा उभी राहिली. मला कळत होतं की तिला ते रिकामं वाटतंय.

त्या रात्री मार्गकडेच राहिलो. भाजलेले बटाटे, मटार, सूप. आईनं चटणीची बरणी पुढे केली आणि मार्गनी ती बटाट्यावर चमच्यानं घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी परत घेतली. जेवण झाल्यावर आईनं पिशवीतून तांब्या काढला. तिचा मनमाडचा, स्टीलचा, प्रवासात कायम सोबत असतो. तो तिनं मार्गच्या ओट्यावर ठेवला आणि मला सांग म्हणाली. मी सांगितलं: सप्टेंबरमध्ये केतकी आणि तिची मुलगी येतील, त्या दिवशी हा भरून गाडीत ठेवाल का? मार्गनी तांब्या उचलून वजन बघितलं, खिडकीशी किटलीच्या शेजारी ठेवला आणि मान डोलावली.

घरी परतून आता बरेच आठवडे झाले. या प्रवासाचं काय लक्षात राहिलं, असं मला केतकीनं विचारलं. मी सांगितलं, घोडे, ट्यूमटची नदी, आणि बादली धरून "गडद" असं ओरडणारी आई. मशीन ठीक आहे असं मला वाटतं, जवळजवळ खात्री आहे. पण खरं तर ते तेव्हाच कळणार, जेव्हा पहिल्यांदा त्यात पाणी सोडून, एक रिकामी फेरी फिरवून तो गुलाबी द्रव धुऊन काढला जाईल.

गेल्या आठवड्यात आई परत गेली. मेलबर्नच्या टलमरीन विमानतळावर तिला सोडून मी घरी आले, दार उघडलं, आणि स्वयंपाकघरात बघितलं तर ओट्यावर सगळं भरलेलं. पातेली, माझा पाण्याचा जग, कुकर, मोजायचा कपसुद्धा. प्रत्येकावर ताटली झाकलेली. इथं नळाला चोवीस तास पाणी असतं हे तिला माहीत आहे. या घरात पहिली येणारी मीच होते.

मी त्यातलं काही ओतून दिलं नाही. जगातलं पाणी प्याले, पातेल्यातल्या पाण्याचा चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत लॅपटॉप उघडला. सप्टेंबरची रजा टाकली, ती दुसऱ्या दिवशी मंजूर झाली. कूमापर्यंतचं तिकीट काढलं, या वेळी तारीख बदलता येणारं. केतकी आणि मिती पोचण्याच्या आदल्या दिवशी मी तिथं असेन. मार्गना कळवलंय की तांब्या भरू नका, मी भरते.